नव्या प्रोसेसरची वाट किती पाहायची?

बारावीची परीक्षा झाली, सीईटी आटोपत आली, की कर्वेनगरातल्या बऱ्याच घरांत एक प्रश्न दर वर्षी जेवणाच्या टेबलावर येतो. संगणक कोणता घ्यायचा? महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय याच भागात आहे. त्यामुळे इथे हा प्रश्न बहुतेकदा मुलीसाठी असतो आणि तिच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबरोबरच येतो. यंदा मात्र त्याला एक जोडप्रश्न चिकटला आहे. "बाबा, आत्ता नको. वर्षअखेरीला नवी जनरेशन येतेय," असे मुलगी म्हणते. "ती दर वर्षी येतेच की!" असे उत्तर मिळते. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच निर्णय होत नाही.

लॅपटॉपच्या काळात टेबलावरचा संगणक कशाला, असे कोणी विचारेल. पण तेवढ्याच पैशांत जास्त ताकद, बिघडलेला एकच भाग बदलण्याची सोय आणि घरातल्या दोघा-तिघांना वापरता येईल असा मोठा पडदा या तीन कारणांमुळे दुकानातून जुळवून घेतलेला 'असेंबल्ड' डेस्कटॉप अजून टिकून आहे. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय आरेखन, गेमिंग आणि हल्ली घरच्या घरी छोटी एआय मॉडेल्स चालवून पाहणारी मुले त्याचे खास गिऱ्हाईक आहेत. एवढा खर्च घरात पाच-सात वर्षांतून एकदाच होतो. तो आज करायचा की दिवाळीनंतर, हे ठरवायचे तर येऊ घातलेल्या पिढीत नेमके काय आहे आणि काय नाही, ते नीट पाहायला हवे.

इंटेलची पुढची डेस्कटॉप मालिका 'नोव्हा लेक' या नावाने ओळखली जाते. ती २०२६च्या अखेरीस आणण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. तिच्या सर्वांत वरच्या चिपमध्ये ५२ कोअर असतील, अशी चर्चा कित्येक महिने फिरते आहे. आजच्या 'कोअर अल्ट्रा ९ २८५के'मध्ये २४ कोअर आहेत. दुसरीकडे एएमडीची 'झेन ६' ही रचना तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या २ नॅनोमीटर तंत्रावर येणार आहे. तिची पहिली मोठी चिप सर्व्हरसाठीची 'व्हेनिस' आहे. टेबलावरच्या संगणकाचा नंबर तिच्यानंतरचा. सध्या मोठ्या ग्राहकांची, म्हणजे डेटा सेंटरांची, रांग आधी लागते आणि घरगुती गिऱ्हाईक तिच्या मागे उभे असते. पुढे येणाऱ्या सगळ्याच गोष्टींत हे सूत्र दिसेल.

'२ नॅनोमीटर' हा आकडा ऐकायला भारी वाटतो. पण त्या चिपमध्ये २ नॅनोमीटरचा असा कोणताही भाग शोधून सापडणार नाही. शेजारशेजारच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या गेटमधले अंतर प्रत्यक्षात चाळीस-पन्नास नॅनोमीटरच्या घरात असते. पूर्वी हा आकडा खरोखर मोजमापाचा होता. आता तो मोटारीच्या मॉडेलसारखा पिढी सांगण्यापुरता उरला आहे. त्यामागचे तंत्र मात्र नवे आहे. या पिढीत ट्रान्झिस्टरमधला प्रवाह पातळ पट्ट्यांतून जातो आणि त्याला अडवणारे-सोडणारे गेट त्या पट्ट्यांना चारही बाजूंनी वेढते. नळ एका बाजूने दाबण्यापेक्षा मुठीत धरून आवळला तर गळती कमी होते, तसेच हे. टीएसएमसीच्या स्वतःच्या दाव्यानुसार आधीच्या ३ नॅनोमीटरच्या सुधारित तंत्राशी तुलना करता तेवढ्याच विजेत १० ते १५ टक्के वेग वाढतो, किंवा तेवढ्याच वेगाला २५ ते ३० टक्के वीज कमी लागते. यातला 'किंवा' महत्त्वाचा. दोन्ही फायदे एकदम पूर्ण मिळत नाहीत. आणि चिप बनवणाऱ्याचाच दावा १० ते १५ टक्क्यांचा असेल, तर वापरणाऱ्याने दुप्पट वेगाची स्वप्ने पाहू नयेत.

ही स्वप्ने कुठून येतात, हेही पाहण्यासारखे आहे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीने दुप्पट वेग खरोखर अनुभवला आहे. १९९३चा पहिला पेन्टियम ६० मेगाहर्ट्‌झवर चालत असे. २००४च्या अखेरीस पेन्टियम ४ने ३.८ गिगाहर्ट्‌झ गाठले. अकरा वर्षांत साठपटीहून जास्त! तेव्हा दोन वर्षे थांबणाऱ्याला खरोखरच घबाड मिळे. त्यानंतरच्या वीस वर्षांत इंटेलची सर्वांत वेगवान डेस्कटॉप चिप ६.२ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोचली. म्हणजे दुप्पटसुद्धा नाही.

मधे काय झाले? आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एक नियम मांडला होता. ट्रान्झिस्टर लहान होत जातो तसा त्याला लागणारा व्होल्टेजही कमी करता येतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर भरले तरी उष्णता वाढत नाही. तीस वर्षे हा नियम चालला. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले, की बंद असतानाही त्यातून प्रवाह झिरपू लागला. व्होल्टेज आणखी उतरवता येईना, आणि वेग वाढवला की चिप तापू लागली. २००४ मध्ये इंटेलने पेन्टियमची पुढची 'तेजस' ही आवृत्तीच गुंडाळली. (नाव भारतीय, तेजही भरपूर, तेच नडले.) तेव्हापासून सगळ्यांनी एका कोअरचा वेग वाढवण्याऐवजी कोअरची संख्या वाढवण्याचा मार्ग धरला.

इथे २४च्या जागी ५२ कोअर आले की काम दुपटीने व्हायला हवे, असे वाटते. पण पुरणपोळीचा स्वयंपाक आठवून पाहावा. लाटायला चौघी बसल्या की पोळ्या भराभर होतात. पण डाळ शिजायला लागणारा वेळ स्वयंपाकघरात कितीही माणसे आली तरी तेवढाच. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच संगणकाबाबत दाखवून दिले. एखाद्या कामाचा ८० टक्के भाग वाटून करता येतो आणि २० टक्के ओळीनेच करावा लागतो, असे धरू. २४ कोअरनी हे काम साधारण ४.३ पट वेगाने होईल. ५२ कोअरनी ४.६ पट. आणि कोअरची संख्या अगणित केली तरी ५ पटीच्या पुढे जाणार नाही. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले प्रोग्रॅमिंग, ब्राउझर, स्प्रेडशीट, पीडीएफ ही कामे तर यापेक्षाही कमी वाटली जातात. ५२ कोअर हे चित्रफिती रेंडर करणाऱ्याच्या आणि मोठे सॉफ्टवेअर कंपाइल करणाऱ्याच्या कामाचे आहेत. प्रत्येक घराच्या नाहीत.

नवी पिढी प्रत्येक बाबतीत पुढेच असते, असेही नाही. इंटेलची सध्याची 'कोअर अल्ट्रा २००' मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आली. तिची मुख्य गणन-चकती इंटेलने स्वतःच्या कारखान्यात न करता टीएसएमसीकडून बनवून घेतली होती. विजेचा वापर घटला, हे खरे. पण अनेक गेम्समध्ये ती आपल्याच मागच्या पिढीपेक्षा हळू निघाली. तेच एएमडीच्या 'एक्स३डी' प्रोसेसरांनी वेगळी वाट धरली. कोअर वाढवण्याऐवजी चिपवर ६४ एमबी जादा कॅश मेमरीचा थर चढवला. लागणारे सामान माळ्यावर न ठेवता हाताशी ठेवण्याचा हा प्रकार, आणि गेमिंगमध्ये तोच भारी पडला. कोअर आणि गिगाहर्ट्‌झ हे दोन आकडे खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतात, पण बहुतेक वेळा प्रोसेसर मेमरीतून सामान येण्याची वाट पाहत बसलेला असतो.

त्याआधीचा अनुभव तर अधिक गंभीर होता. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर काही महिने वापरल्यावर अचानक बंद पडू लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यातून चिपच्या आतल्या परिपथांची झीज होत होती, हे इंटेलने २०२४च्या उन्हाळ्यात मान्य केले. मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. परंतु एकदा झालेली झीज कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून येत नाही. त्या चिपा आजही सेकंडहॅन्ड बाजारात फिरतात. अशी चिप स्वस्तात मिळाली तर मदरबोर्डचे बायॉस अद्ययावत आहे का आणि वॉरंटी किती उरली आहे, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नवीन मालिकेचा पहिला लॉट घेण्याचा धोका किती खरा असतो, हेही यातून दिसले. दोष कळायला दीड-दोन वर्षे लागली.

आता या सगळ्याला उलटा फिरवणारी गोष्ट. प्रोसेसरसाठी थांबणारा माणूस एक गृहीत धरतो. संगणकाचे बाकीचे भाग जागच्या जागी राहतील, किंबहुना स्वस्तच होतील. गेली वीस-पंचवीस वर्षे बहुतेक वेळा तसेच झाले. या वेळी मात्र रॅमने घात केला. २०२५च्या उत्तरार्धापासून डीडीआर५ मेमरीच्या किमती काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाल्या. कारण एआयच्या डेटा सेंटरांची भूक. त्यांच्या चिपांना 'एचबीएम' नावाची, थरावर थर रचलेली मेमरी लागते. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या जगातली बहुतेक मेमरी बनवतात आणि सिलिकॉनच्या ज्या वेफरवर घरगुती रॅम निघते, त्याच वेफरवर एचबीएमही निघते. फरक एवढाच, की तेवढ्याच क्षमतेच्या एचबीएमला सुमारे तिप्पट वेफर खर्ची पडतात. नफा तिकडे असल्याने कारखाने तिकडे वळले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला 'क्रुशल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. पुण्यातल्या दुकानदारांच्या कपाटात वर्षानुवर्षे असलेले हे नाव. गंमत अशी, की आज महागलेल्या या डीरॅमचा मूळ शोधही रॉबर्ट डेनार्ड यांचाच. एका ट्रान्झिस्टरवर एक बिट साठवणाऱ्या त्या रचनेचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले होते.

याच महिन्यात डॉलर ९० रुपयांच्या पलीकडे गेला. प्रोसेसर असो वा रॅम, सगळा माल डॉलरमध्ये येतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे १० टक्के जास्त वेगाच्या आशेने थांबलेल्या कुटुंबाला रॅमसाठीच कितीतरी जास्त पैसे मोजावे लागले. नवीन इंटेल चिप घेतली तर तिला मदरबोर्डही नवा लागेल, असे सध्याच्या बातम्या सांगतात. नवा मदरबोर्ड म्हणजे डीडीआर५ रॅम. ज्यांच्याकडे जुनी डीडीआर४ आहे, ती तिथे बसणार नाही. या हिशेबात एएमडीची बाजू थोडी सोपी आहे. २०२२ मध्ये आलेला त्यांचा 'एएम५' सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. आज साधा प्रोसेसर घेऊन दोन-तीन वर्षांनी फक्त तेवढाच बदलण्याची सोय तिथे राहते. २०१६ मध्ये आलेल्या 'एएम४'बाबत कंपनीने असा शब्द पाळला होता, हेही तिच्या बाजूने सांगायला हवे.

पुण्याला प्रोसेसरच्या पुढच्या पिढीची वाट पाहण्याचा अनुभव जुना आहे. १९८८ मध्ये इथे सी-डॅकची स्थापना झाली ती अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना म्हणून. डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अजस्र प्रोसेसरची वाट पाहिली नाही. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची 'टी८००' ट्रान्सप्युटर ही बाजारात मिळणारी छोटी चिप घेऊन त्यांनी अनेक चिपांची मोट बांधली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. (कर्वेनगरातले कमिन्स महाविद्यालयही त्याच वर्षीचे.) त्याच सुमारास इनमॉसने पुढच्या पिढीच्या 'टी९०००'ची घोषणा केली होती. जगभरचे ट्रान्सप्युटरवाले तिच्याकडे डोळे लावून बसले. ती लांबत गेली, आली तेव्हा कबूल केलेला वेग तिला गाठता आला नाही, आणि अखेर सगळा वंशच संपला. पुण्यात मात्र दरम्यान 'परम ८६००'मध्ये हाताशी असलेली इंटेलची 'आय८६०' चिप जोडून काम पुढे नेले गेले. त्यानंतरच्या 'परम ९०००'मध्ये सनचे स्पार्क प्रोसेसर आले.

आज सी-डॅकचे नाव पुन्हा प्रोसेसरच्या संदर्भात ऐकू येते, आणि त्याबद्दल समाजमाध्यमांत बराच गोंधळ आहे. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेला 'ध्रुव६४' हा सी-डॅकचा स्वदेशी प्रोसेसर ६४ बिटचा, दोन कोअरचा आणि १ गिगाहर्ट्‌झचा आहे. तो मोटारी, कारखान्यातली यंत्रे, दूरसंचार उपकरणे यांसाठी आहे. त्याची तुलना टेबलावरच्या २४ कोअरच्या चिपशी करून नाक मुरडणे जितके चूक, तितकेच 'आता इंटेलची गरज संपली' म्हणणेही चूक. सी-डॅकचा दुसरा प्रकल्प 'ऑम' हा ९६ कोअरचा आहे. तो आर्मच्या रचनेवर आधारलेला आणि ५ नॅनोमीटर तंत्राचा. पण तोही महासंगणक आणि सर्व्हरसाठी. एवढ्या बारीक तंत्राचा कारखाना देशात नाही. गुजरातेत धोलेरा इथे टाटा समूह तैवानच्या पीएसएमसीच्या मदतीने उभारत असलेला कारखाना २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड तंत्रांचा आहे. तेव्हा येत्या काही वर्षांत कर्वेनगरातल्या टेबलावर येणारी चिप तैवानमधून किंवा इंटेलच्या कारखान्यांतून येणार, हे धरूनच चालावे लागेल.

ज्या घरात जुना संगणक आहे, तिथे प्रश्न आणखी निराळा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे, अगदी ठणठणीत संगणक एका तारखेने म्हातारे ठरले. नव्या प्रोसेसरची ओढ काही अंशी या सक्तीतून आली आहे. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या खात्याशी जोडला तर ती विनामूल्यही आहे. ज्यांना तेही नको, त्यांना लिनक्स आहे. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर असा जुना संगणक किती बदलतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो प्रोसेसरच्या जाहिरातींकडे जरा शांतपणे पाहतो. प्रिंटआउट, बँकेचे काम, आजी-आजोबांचे व्हिडिओ कॉल यांना ५२ कोअर कशाला हवेत?

एआयचा मुद्दाही विक्रेते हमखास पुढे करतात. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' दर्जासाठी संगणकात सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करू शकणारा एनपीयू लागतो. 'कोअर अल्ट्रा ९ २८५के'चा एनपीयू सुमारे १३ लाख कोटींवरच थांबतो. एएमडीच्या रायझन ९००० डेस्कटॉप मालिकेत तर तो नाहीच. इथे नवी पिढी खरोखर फरक करेल, अशी शक्यता आहे. पण ज्या विद्यार्थिनीला मशीन लर्निंग शिकायचे आहे, तिचे काम ग्राफिक कार्डवर किंवा ऑनलाइन सेवांवर चालते. एनपीयूचा तिला आज फारसा उपयोग नाही.

राहिला विजेचा आणि उष्णतेचा हिशेब. खोक्यावर १२५ वॅट लिहिलेली '२८५के' पूर्ण जोर लावल्यावर २५० वॅटपर्यंत जाते. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास पेलतो. त्यात मॉनिटर आणि ग्राफिक कार्ड मिळवले की वीज जाताच संगणकही जातो. एप्रिल-मे महिन्यांत खोली १० अंशांनी तापली की चिपचे तापमानही साधारण तेवढेच चढते, आणि मर्यादा गाठली की ती आपला वेग आपणच उतरवते. पश्चिमेच्या उन्हाची खोली असेल, तर सर्वांत वरच्या मॉडेलचे जादा पैसे पुण्यात वर्षातले दोन महिने वाफेवर जातात. तेच पैसे चांगल्या एसएमपीएसवर, हवा खेळणाऱ्या कॅबिनेटवर आणि ६५ वॅटच्या मधल्या फळीतल्या प्रोसेसरवर घातले, तर संगणक जास्त वर्षे चालेल.

मग थांबणे कोणासाठी शहाणपणाचे? ज्याच्याकडे चालता संगणक आहे, ज्याचे काम खरोखर अनेक कोअरवर वाटले जाते आणि जो वर्षभर सहज काढू शकतो, त्याच्यासाठी. त्यानेही विक्री सुरू झाल्याच्या दिवशी रांग लावू नये. चार-सहा महिने लोकांचे अनुभव आणि बायॉसच्या दुरुस्त्या येऊ द्याव्यात. म्हणजे २०२७चा उन्हाळा. ज्या घरात संगणकच नाही, किंवा आहे तो रोज रडवतो, तिथे नव्या पिढीसाठी थांबण्याचे कारण आजच्या घडीला दिसत नाही. मधल्या फळीतला सहा किंवा आठ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅमची एकच पट्टी आणि दुसऱ्या पट्टीसाठी मोकळी जागा, एवढ्यावर सुरुवात होते. एकाच पट्टीने थोडा वेग कमी मिळतो, पण रॅम उतरली की दुसरी घालता येते.

राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या जुलैपासून पुढे चालतात. यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. नोव्हा लेक ठरल्या वेळी आली, तरी ती दुकानात रास्त भावाने मिळेपर्यंत पहिल्या सत्राची परीक्षा होऊन गेलेली असेल.